‘जाऊ दे’ची मोजदाद

शिरपूर तालुक्याचा उत्तरेकडचा भाग सातपुड्यात चढत जातो. पळासनेर, सांगवी, बोराडी या पट्ट्यातल्या पाड्यांवरची पावरा, बारेला, भिल्ल मुलं-मुली दहावी-बारावी झाली की शिक्षणासाठी शिरपुरात उतरतात. कुणाला आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह मिळतं, कुणी चौघं मिळून खोली करतात. घरी पावरी किंवा भिलोरी, बाजारात अहिराणी, वर्गात मराठी आणि फोनवर यातलं काहीही. २०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे दर तिघांत जवळपास एक माणूस. तरीही वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला की त्यात यातली बरीच मुलं परक्या घरी आल्यासारखी वावरतात. वाचतात सगळं, लिहितात कमी.

समजा, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीची यादी कुणीतरी त्या ग्रुपवर टाकली. खाली एकाने लिहिलं, ‘आपल्या बापाने फी भरायची आणि यांनी फुकट शिकायचं.’ त्याखाली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. यादीत नाव असलेली मुलगी ते रात्री वसतिगृहात वाचते. मेसेज कुणी कुणी पाहिला हे लिहिणाऱ्याला दिसतं, त्यामुळे तिने वाचल्याचं लपत नाही आणि उत्तर न दिल्याचंही लपत नाही. शेजारच्या पलंगावरची मैत्रीण म्हणते, ‘जाऊ दे, डोक्यात घेऊ नको.’ सकाळी ती नेहमीसारखी तासाला बसते.

तिने या प्रसंगाला कसं तोंड दिलं, हे मोजायचं कसं? प्रश्न संशोधकांचा वाटतो, पण तो खरं तर आपला सगळ्यांचा आहे. कारण काय मोजायचं हे ठरवताना, दोष कुणाच्या खात्यावर मांडायचा हेही आपण नकळत ठरवून टाकतो.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. २०१० मध्ये तिथे भेदभावाला लोक कसं तोंड देतात हे मोजणारी २५ विधानांची एक मोजपट्टी तयार झाली. तिचे पाच भाग आहेत: इतरांना समजावणं आणि जागृती करणं, स्वतःलाच दोष देणं, दारू किंवा नशेचा आधार घेणं, प्रतिकार करणं आणि अलिप्त होणं. २०१७ मध्ये ब्रायन केउम आणि मॅथ्यू मिलर यांनी खास इंटरनेटवरच्या वंशवादासाठी ३० विधानांची मोजपट्टी मांडली. तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. थेट माझ्यावर झालेला हल्ला ही पहिली. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणावर होत असलेला हल्ला मी नुसता पाहिला, ही दुसरी. आणि आपल्या लोकांवर जगात काय चाललं आहे हे पडद्यावरून सतत कळत राहणं, ही तिसरी.

या तीन भागांतला दुसरा आणि तिसरा आपल्याकडे फार कमी लोक जमेस धरतात. ‘तुला कुठे कोण काय बोललं?’ हा इथला ठरलेला प्रश्न. सातपुड्यात होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. ढोल, बासऱ्या, नवे कपडे, चांदीचे दागिने, होळीचा सगळा बाजारहाट. बाहेरून आलेला कुणी त्याचा व्हिडिओ काढतो आणि वर मथळा देतो: ‘इथे मुली पळवून नेण्याचा बाजार भरतो.’ खाली ज्या कमेंट पडतात त्या वाचणाऱ्या पावरा मुलीचं नाव त्यांत कुठेच नसतं. व्हिडिओत मात्र तिच्या आत्याची नात नाचत असते. तिला कुणी काही बोललेलं नाही, हे अक्षरशः खरं. तरी घाव बसलेला आहे.

इथे एक आक्षेप येईल. वंशवाद गोऱ्या-काळ्यांचा, आपल्याकडे जात आहे, जमात आहे, दोन्ही एक कसे? हा वाद २००१ मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत गाजला होता. जात हा वंशभेद नाही, तो तिथे चर्चेला घेऊ नये, अशी भारत सरकारची भूमिका होती. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने जन्मावरून, कुळावरून होणारा भेदभाव आपल्या कक्षेत येतो असं स्पष्ट केलं. सिद्धान्ताच्या पातळीवर वाद चालू राहो. फोन हातात धरलेल्या मुलीला मात्र तिच्या रंगावरून, आडनावावरून, बोलीच्या हेलावरून आणि पाड्यावरून एकाच वाक्यात हिणवलं जातं. तिच्यासाठी त्याचे कप्पे करणं शक्य नाही, आणि मोजणाऱ्यालाही ते करायची घाई नसावी.

खरी अडचण मोजपट्टीच्या विधानांपाशी सुरू होते. ‘मी दुर्लक्ष केलं’ असं एक विधान आहे असं धरा. ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच चौकटी. शिरपूरच्या त्या मुलीने ‘नेहमी’वर खूण केली. आता या खुणेचा अर्थ काय? एखादी मुलगी दुर्लक्ष करते कारण लिहिणाऱ्याची तिला खरोखर किंमत वाटत नाही. दुसरी करते कारण तो ज्या सरांच्या मर्जीतला आहे त्यांच्याच हातात प्रात्यक्षिकाचे गुण आहेत. तिसरी करते कारण मागच्या खेपेला तिने उत्तर दिलं होतं आणि ‘मॅटर वाढवू नको’ असं तिलाच ऐकवलं गेलं. चौथीने स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. ती वाट पाहते आहे. पाचवी घरी कळलं तर शिक्षण बंद करून लग्न लावतील या भीतीने गप्प आहे. पाचही जणींची खूण एकाच चौकटीत. संगणक त्यांची सरासरी काढेल आणि ‘अलिप्तता’ या नावाखाली एक आकडा देईल. आपल्या ‘जाऊ दे’त शहाणपण, भीती, डावपेच, थकवा असं सगळं एकत्र नांदतं. ते सुटं केल्याशिवाय त्याची मोजदाद निरर्थक आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. मोजपट्टीला निभावून नेलेलं दिसतं. त्यासाठी काय मोजावं लागलं ते दिसत नाही. अमेरिकेतले साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांनी हे ओळखलं. नॉर्थ कॅरोलायनात त्यांना जॉन हेन्री मार्टिन नावाचा एक कृष्णवर्णीय शेतकरी भेटला. शिक्षण जवळजवळ नाही, वाट्याने जमीन कसणाऱ्या कुटुंबातला जन्म. पण राबराब राबून चाळिशीपर्यंत या माणसाने स्वतःची ७५ एकर जमीन केली होती. जिद्दीची गोष्ट म्हणून ती कुठल्याही व्याख्यानमालेत शोभली असती. जेम्स यांनी पुढचं विचारलं. पन्नाशीत त्याला उच्च रक्तदाब, संधिवात आणि पोटातला व्रण असं सगळं जडलेलं होतं. वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकलेला आणि हातोडा हातात असतानाच मेलेला जॉन हेन्री नावाचा रेल्वे कामगार अमेरिकी लोककथेत आहे. दोन्ही नावं जुळली. जेम्स यांनी या अटीतटीच्या झुंजण्याचं मोजमाप करणारी १२ विधानांची पट्टी केली. १९८३ मध्ये त्यांनी दाखवलं की शिक्षण आणि साधनं तुटपुंजी असताना जे कृष्णवर्णीय पुरुष सर्वांत जिद्दीने लढत होते, त्यांचाच रक्तदाब चढा होता.

खानदेशाला ही गोष्ट परकी वाटू नये. १९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात फिरत होते. चाळीसगावला ते गाडीतून उतरले. धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करायची होती. ती करून ते चाळीसगावला परतले, तेव्हा त्यांना महारवाड्यात नेण्यासाठी स्टेशनवर टांगा यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा थोडंच अंतर गेल्यावर त्याची धडक होता होता राहिली, आणि पुढे नदीवरच्या पुलावर चाक कडेच्या दगडावर आदळून घोडा-टांगा खाली गेला. बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले. पाय मोडला, कित्येक दिवस हलता येईना. कारण त्यांना नंतर कळलं. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणं स्टेशनवरच्या टांगेवाल्यांना कमीपणाचं वाटत होतं. टांगा भाड्याने द्यायला त्यांची हरकत नव्हती, हाकायला होती. तेव्हा महारवाड्यातला एक जण लगाम हाती घेऊन बसला. त्याने आधी कधी टांगा हाकलेला नव्हता. पाहुण्याचा मान राहावा म्हणून वस्तीने हा मार्ग काढला होता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवला आहे. आपला मान राखण्यासाठी या लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला, हे ते तिथे कुणावरही न रागावता सांगतात. बॅरिस्टरपेक्षा टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजू शकतो, यावर मात्र बोट ठेवतात.

चाळीसगावच्या त्या वस्तीला कुणी आजची प्रश्नावली दिली असती तर काय झालं असतं? ‘मी पर्याय शोधला’: नेहमी. ‘मी आपल्या लोकांची मदत घेतली’: नेहमी. ‘मी मानसिक तोल ढळू दिला नाही’: नेहमी. प्रत्येक रकान्यात पैकीच्या पैकी. मोडलेल्या पायासाठी रकाना नाही. आणि स्टेशनवर ‘आम्ही हाकणार नाही’ म्हणून उभ्या राहिलेल्या टांगेवाल्यांना कुणी काही विचारलेलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑनलाइन अपमानाला लोक कसं तोंड देतात हे जरूर मोजावं; पण सोसणं जमलं याला यश म्हणू नये, आणि सोसणाऱ्याची परीक्षा घेताना सोसायला लावणाऱ्यांना व बघत बसणाऱ्यांना प्रश्नपत्रिकेतून सूट देऊ नये.

या चुकीची किंमत किती असते हे खानदेशाने पाहिलं आहे. डॉ. पायल तडवी जळगावची. तडवी भिल्ल समाजातली. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन ती मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी तिने आपलं जीवन संपवलं. राखीव जागेवरून आल्याबद्दल आणि जमातीवरून वरिष्ठ सहकाऱ्यांनी तिला सतत हिणवलं, रुग्णांसमोर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तिची टिंगल केली, अशी कुटुंबाची तक्रार आहे. खटला न्यायालयात आहे, आरोपांचा निवाडा तिथेच होईल. इथे फक्त एवढंच पाहायचं की, कुटुंबाने सांगितल्यानुसार, ती अखेरपर्यंत ‘निभावत’ होती. काम करत होती, घरी सांगत होती, तक्रार केली तर शिक्षणावर परिणाम होईल ही धास्तीही होती. त्या काळात कुणी तिच्या हाती पाच चौकटींचा कागद दिला असता तर निष्कर्ष काय निघाला असता? ‘सामना करण्याची क्षमता चांगली.’ तिची आई आबेदा तडवी यांनी, हैदराबाद विद्यापीठात जीवन संपवलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आई राधिका वेमुला यांच्यासह २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यार्थ्यांची सहनशक्ती वाढवा असं त्यात मागितलेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्येच केलेले समतेचे नियम महाविद्यालयं पाळतात का, हे विचारलेलं आहे. दोघी आयांनी प्रश्नाचं तोंड नेमकं योग्य दिशेला वळवलं.

मग मोजायचंच कशाला, कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. कायद्याची स्वतःची मोजपट्टी आहे आणि ती जाडसर आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो अधिक नेमका झाला. लोकांच्या नजरेसमोर येईल अशा ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हेतुपूर्वक अपमानित करणं किंवा जातिवाचक शिवीगाळ करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. पडद्यावरची जागा ‘लोकांच्या नजरेसमोर’ असते का, हा प्रश्न न्यायालयांपुढे आला. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवरच्या एका मुलाखतीच्या प्रकरणात सांगितलं की पीडित व्यक्ती त्या ठिकाणी प्रत्यक्ष हजर असण्याची गरज नाही. इंटरनेटवरचा मजकूर जितक्या वेळा कुणी उघडतो, तितक्या वेळा ती तिथे हजरच असते. निकाल मोलाचा आहे. उलट बाजूने, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेसबुकच्या एका प्रकरणात म्हटलं की पोस्ट विशिष्ट व्यक्तीला उद्देशून नसेल, सरसकट समाजाविषयी असेल, तर अपमानाचं हे कलम लागत नाही. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अनुसूचित जातीच्या माणसाचा केलेला प्रत्येक अपमान या कायद्याखाली येत नाही. तो जातीवरून केलेला असला पाहिजे.

कायदा म्हणून हे तर्कशुद्ध असेल. पण आता त्या ग्रुपवरचं वाक्य पुन्हा तपासा. त्यात जमातीचं नाव नाही, कुण्या मुलीचं नाव नाही. ‘यांनी’ एवढाच शब्द आहे, आणि तो कुणाला लागतो हे ग्रुपमधल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. लिहिणारा कायद्याच्या रेषेच्या हातभर अलीकडे थांबला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात अनुसूचित जमातींवरील अत्याचाराचे १०,०६४ गुन्हे नोंदले आहेत. हा प्रसंग त्यात कधीच येणार नाही. तो कुठेच नोंदला जात नाही, म्हणून प्राचार्य मनापासून सांगू शकतात, ‘आमच्याकडे असं काही नाही.’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार असला की आवाज येत नाही, आणि आवाज नाही म्हणजे मार नाही असा हिशेब होतो. मोजदादीची गरज नेमकी इथे आहे. गुन्ह्याच्या रेषेखाली जे रोज घडतं ते आकड्यात आलं, तरच त्यावर कुणाला उत्तर मागता येतं.

पण मोजणारेही सोपं तेच मोजतात. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे पुणे-बंगळूरहून ईशान्य भारतातली हजारो माणसं गाड्या भरून परत निघाली, तेव्हा सरकारने एका वेळी पाचहून जास्त लोकांना एसएमएस पाठवण्यावर काही दिवस बंदी घातली. सहा वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, आमच्याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी मंगळवेढा भागातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या दिवसांत फोनाफोनांवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटवर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. राईनपाड्याच्या खटल्यात २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. दोन्ही वेळा यंत्रणेला मोजता आले ते मेसेज. भीती मोजली गेली नाही, आणि भटक्या माणसाकडे बघण्याची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची संशयी नजर तर नाहीच नाही.

राईनपाडा या विषयातल्या एका मोठ्या आंधळ्या जागेवर बोट ठेवतो. सगळ्या प्रश्नावल्या धरून चालतात की ज्याच्याविषयी वाईट लिहिलं गेलं, तो ते वाचतो आणि मग काहीतरी करतो. त्या पाच जणांविषयी जे फिरत होतं ते ज्या ग्रुपांवर होतं, त्या ग्रुपांत ते नव्हते. भिक्षेसाठी परमुलखात फिरणाऱ्या माणसाला ब्लॉक करता येत नाही, ग्रुप सोडता येत नाही, अ‍ॅडमिनला सांगता येत नाही. तोंड देण्याची संधी त्यांना मिळाली ती थेट जमावासमोर. आणखी एक कडू गोष्ट: जमाव ज्या भागातला होता, तो स्वतःच वर्षानुवर्षं हिणवल्या गेलेल्या आदिवासींचा भाग आहे. हिणवलं गेल्याने माणूस आपोआप दुसऱ्याविषयी हळवा होत नाही. तेव्हा मोजमाप फक्त एका समाजाच्या सोसण्याचं करून भागणार नाही.

मग शिरपुरात हे कसं मोजावं? उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. पाण्यासाठी या तालुक्याचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी इथे नाले रुंद आणि खोल केले, त्यांवर सिमेंटचे बंधारे घातले आणि कोरड्या पडलेल्या विहिरींना पाणी आलं. ‘शिरपूर पॅटर्न’ यशस्वी झाला की नाही हे कशावरून ठरलं? विहिरीतल्या पाण्याच्या पातळीवरून. बाया डोक्यावर हंडा घेऊन आधीपेक्षा किती लांब न थकता चालू शकतात, हे कुणी मोजलं नाही. तसं मोजलं असतं तर ते कुणालाही विपरीत वाटलं असतं. अपमानाच्या बाबतीत मात्र आपण हंडा वाहणारीची दमछाक मोजतो आणि तिच्यासाठी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर घेतो.

पातळी मोजायची तर प्रश्न बदलावे लागतील. तो मेसेज किती जणांनी पाहिला? किती जण हसले? ‘हे बरोबर नाही’ असं किती जणांनी लिहिलं, आणि किती जणांनी ग्रुपवर न लिहिता मागाहून तिला एकटीला ‘सॉरी यार’ म्हटलं? अ‍ॅडमिनने तो काढला का, किती तासांनी? ग्रुपमध्ये शिक्षक होते का, आणि असतील तर त्यांनी काय केलं? हे सगळं फोनवर नोंदलेलंच असतं. कुणाच्या आठवणीवर किंवा मनःस्थितीवर अवलंबून राहायची गरज नाही. बघ्यांचं वागणं मोजणं तर पीडितेच्या मनात डोकावण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. ते मोजलं जात नाही कारण त्याचा आकडा आपल्याला लागतो.

पीडितेला विचारायचंच असेल तर तिने काय केलं यापेक्षा तिने काय करणं सोडलं, ते विचारावं. स्टेटसला आदिवासी दिनाच्या, ९ ऑगस्टच्या मिरवणुकीचा फोटो ठेवणं सोडलं का? आडनाव लपवून नुसतं पहिलं नाव ठेवलं का? वर्गात शंका विचारणं थांबलं का? चारचौघांत आईचा फोन आला तर पावरीत बोलणं टाळते का? अशी उत्तरं आली की ‘जाऊ दे’ तिला किती महाग पडलं ते कळेल. जोडीला तिने जे उभं केलं तेही विचारावं. भोंगऱ्याच्या खोट्या मथळ्यांना उत्तर म्हणून त्या बाजाराची खरी माहिती सांगणारे व्हिडिओ आदिवासी पोरं आता स्वतः करतात. तो प्रतिकार आहे, शिक्षण आहे आणि मौजही आहे. एका रकान्यात तो मावत नाही.

विचारणारा कोण, हेही महत्त्वाचं. ज्या वर्गात पावरा मुली तीनच आहेत तिथे नाव न लिहिलेला अर्जही निनावी राहत नाही. जात, तालुका आणि वसतिगृह एवढं भरलं की ओळख पटते. समोर सर उभे असतील तर उत्तर ठरलेलं: ‘सगळं छान आहे, सर.’ प्रश्न त्यांच्या बोलीत, त्यांच्यातल्याच वरच्या वर्गातल्या ताईने, महाविद्यालयाच्या आवाराबाहेर विचारले तर वेगळं काही ऐकू येईल. आणि एक पथ्य फार कडकपणे पाळावं लागेल: विचारून झाल्यावर काही करायचं नसेल तर विचारूच नये. जखम उघडायला लावून कागद कपाटात ठेवणं हाही एक अपमानच आहे.

‘पोरं आहेत, गंमत करतात, एवढं मनावर घेऊ नये’ असं म्हणणारे भले लोक बरेच आहेत. त्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. प्रत्येक बोचऱ्या वाक्यामागे पोलीस पाठवायचे नसतात, आणि तरुण माणसाला थोडा घट्टपणा लागतोच. पण गंमत असेल तर तिचा खर्च वाटून घेतला जावा. सगळ्या वर्गाच्या करमणुकीचं बिल दर वेळी त्याच तीन मुलींच्या नावावर फाटत असेल तर तिला गंमत म्हणता येत नाही. फोन बंद ठेव, ग्रुप सोड, हा सल्लाही तसाच. तासाचं वेळापत्रक, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, सगळं त्याच ग्रुपवर येतं. तिने ग्रुप सोडायचा म्हणजे शिक्षणाचं अर्धं दार स्वतःच्या हाताने लोटून घ्यायचं, आणि लिहिणारा मात्र आत.

अशी मोजदाद एखाद्या महाविद्यालयाने खरोखर सुरू केली, तर पुढच्या वर्षी तिचे निकाल वाचताना एक नियम पाळावा. मुलींची सोसण्याची ताकद वाढल्याचं दिसलं, तर कुणीही स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. त्याचा अर्थ ओझं तेवढंच आहे आणि खांदे रुंद झाले आहेत. ग्रुपवर त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावाने ‘हे चुकीचं आहे’ असं लिहिणाऱ्यांची संख्या वाढली असेल, आणि त्यात ज्यांचं नाव शिष्यवृत्तीच्या यादीत नाही असे जास्त असतील, तर प्राचार्यांनी तो आकडा सूचना फलकावर लावावा.